पुस्तकात मरण, वाचकांना सुतक

२४ मार्च १९७०. टोकियोतल्या ‘कोदान्शा’ या बड्या प्रकाशनसंस्थेच्या इमारतीत सातशेच्या आसपास माणसं जमली होती. सभागृहात बॉक्सिंगची रिंग उभारलेली, बौद्ध भिक्षूचं मंत्रपठण चाललेलं, आणि गेलेल्या बॉक्सरला मानवंदना म्हणून घंटेचे दहा ठोके. मृताचं नाव तोरू रिकिइशी. हा माणूस कधी जन्मलाच नव्हता! ‘आशिता नो जो’ नावाच्या चित्रकथेतला तो नायकाचा प्रतिस्पर्धी. दर आठवड्याला अंकात भेटायचा, आणि एका आठवड्यात रिंगमध्ये जिंकून मेला.

हा अंत्यविधी योजला होता शुजी तेरायामा या नामवंत कवी-नाटककाराने. रिकिइशी मेला त्यामागची गोष्ट तर आणखी भन्नाट. चित्रकार तेत्सुया चिबा यांनी त्याला पहिल्यांदा काढला तेव्हा तो नायकापेक्षा चांगलाच थोराड काढला. पुढे दोघांची लढत लावायची वेळ आली. आता एवढा आडदांड गडी नायकाच्या वजनी गटात बसवायचा कसा? मग कथेत रिकिइशीला उपाशी ठेवून वजन उतरवावं लागलं. पाण्याच्या घोटासाठी तडफडणारा रिकिइशी आठवड्यामागून आठवडे वाचकांनी पाहिला, आणि ते खंगलेलं शरीर शेवटच्या लढतीत टिकलं नाही. चित्रातल्या मापाच्या गडबडीतून एक मृत्यू जन्माला आला आणि सातशे माणसं टोकियोत शोक करायला आली. बरोब्बर एका आठवड्याने, ३१ मार्चला, जपानी तरुण क्रांतिकारकांनी ‘योदो’ हे विमान पळवलं, तेव्हा त्यांनीही आपल्या निवेदनात स्वतःची ओळख याच चित्रकथेच्या नायकाच्या नावाने करून दिली.

पुस्तकातल्या माणसासाठी डोळे पुसणाऱ्याला आपल्याकडे चटकन ‘अगं, गोष्ट आहे ती!’ असं ऐकवलं जातं. मला हे मुळीच पटत नाही. वाचकांच्या रडण्याने मेलेली माणसं उठून बसली आहेत, चर्चची डागडुजी झाली आहे, समुद्रकिनाऱ्याचे नियम ठरले आहेत. ऐकाच.

पन्नास सेंटमध्ये फाशी

१९८८. बॅटमॅनचा साथीदार रॉबिन. हा दुसरा रॉबिन, जेसन टॉड. पहिल्या रॉबिनवर जीव टाकणाऱ्या वाचकांना हा उर्मट पोरगा काही रुचत नव्हता. संपादक डेनिस ओनील यांनी निकाल वाचकांवरच सोपवला. एका अंकाच्या शेवटी जोकरने जेसनला लोखंडी सळीने झोडपलं, गोदामात बॉम्ब फुटला, आणि पुढच्या पानावर दोन फोननंबर. एक जगवण्यासाठी, एक मारण्यासाठी. एका फोनला पन्नास सेंट. मुदत छत्तीस तासांची.

एकूण १०,६१४ फोन आले. जगवा म्हणणारे ५,२७१. मारा म्हणणारे ५,३४३. फरक फक्त ७२ मतांचा! पुढच्या अंकात बॅटमॅन ढिगाऱ्यातून जेसनचा देह उचलून आणतो. मारण्याच्या बाजूने कुणीतरी यंत्र लावून पुन्हा पुन्हा फोन केल्याची कुजबुज बरीच वर्षं चालली. शिव्याशाप मात्र संपादकांच्या वाट्याला आले, कारण प्रत्यक्षात मूल मेलेलं पाहिल्यावर लोकांना धक्का बसला. मत देताना रागावलेला वाचक निकाल लागल्यावर हळवा झाला.

आणखी एक गंमत. निकाल काहीही लागो, अंक वेळेवर निघायला हवा, म्हणून रॉबिन जगतो अशीही पानं काढून तयार होती. ती पानं पस्तीस वर्षांनी, २०२३ मध्ये, अंकाच्या रूपात छापली गेली. जेसन स्वतः त्याआधीच, २००५ च्या सुमारास, कथेत परतला होता. कॉमिक्समधलं मरण असं लवचीक असतं.

सुपरमॅनचंही तसंच. नोव्हेंबर १९९२ मध्ये त्याच्या मृत्यूचा अंक आला तो बंद पाकिटात, सोबत दंडावर बांधायची काळी फीत. साठ लाखांच्या घरात प्रती खपल्या. पुढच्याच वर्षी सुपरमॅन परत. १९७३ मध्ये स्पायडरमॅनची प्रेयसी ग्वेन स्टेसी मात्र गेली ती गेली. पुलावरून पडताना स्पायडरमॅनने तिला जाळ्याने पकडलं, आणि त्या झटक्यानेच तिची मान मोडली. वाचवायला गेलेल्या हातूनच घात. सुपरमॅनच्या पाकीटबंद मरणापेक्षा हे एक छोटंसं चित्र मला कितीतरी भारी वाटतं.

कृपया मोजे ठेवू नका

वेल्समध्ये पेम्ब्रोकशायर परगण्यात फ्रेशवॉटर वेस्ट नावाचा समुद्रकिनारा आहे. तिथे वाळूच्या टेकाडांत एक समाधी आहे, डॉबीची. हॅरी पॉटरच्या शेवटच्या पुस्तकात हॅरीला वाचवताना जीव देणारा, मोठ्या कानांचा, घरगडी म्हणून राबलेला छोटा डॉबी. एक मोजा हाती पडला म्हणून तो गुलामीतून सुटला होता. चित्रपटात त्याच्या मरणाचा प्रसंग या किनाऱ्यावर चित्रित झाला आणि चाहत्यांनी तिथे दगड रचायला सुरुवात केली. रंगवलेले गोटे, त्यांवर निरोपाच्या ओळी, आणि अर्थातच मोजे. ढीगच्या ढीग मोजे.

किनाऱ्याची देखभाल करणाऱ्या नॅशनल ट्रस्टला काळजी वाटली. गोट्यांचा रंग आणि मोज्यांचे धागे समुद्रात जातात, माशांच्या पोटात जातात. समाधी हलवायची का, यावर लोकांची मतं मागवली तर पाच हजारांहून अधिक जणांनी कळवली. २०२२ मध्ये निर्णय झाला की समाधी राहील, पण येणाऱ्यांनी फक्त फोटो काढावेत, मोजे ठेवू नयेत. हा शहाणा निर्णय. शोकाला जागा मिळाली आणि माशांचीही काळजी घेतली गेली.

याच हॅरी पॉटरवर शास्त्रज्ञांनीही काम केलंय. बर्लिनच्या संशोधकांनी लोकांना मेंदूचं चित्र टिपणाऱ्या यंत्रात झोपवून या पुस्तकांतले छोटे छोटे उतारे वाचायला दिले. भीतिदायक उतारा वाचताना माणूस जितका गुंगून जाई, तितका मेंदूच्या मधल्या भागातला, दुसऱ्याचं दुःख जाणवून देणारा एक पट्टा जास्त जागा होई. इटलीत पाचवीच्या मुलांना सहा आठवडे हॅरी पॉटरमधले भेदभावाबद्दलचे प्रसंग वाचून दाखवले, त्यांवर गप्पा मारल्या. ज्या मुलांना हॅरी आपला वाटत होता, त्यांचं परदेशातून आलेल्या स्थलांतरितांविषयीचं मत निवळलं. मराठीत हे पुस्तक ‘हॅरी पॉटर आणि परीस’ या नावाने आहे. पाचवीच्या वर्गात हा प्रयोग आपल्याकडे जरूर करून बघावा.

उलटी झाली ती लेखकाला

वाचकच तेवढे हळवे असतात असं कुठंय? ‘मादाम बोव्हारी’मध्ये एमा विष खाते तो प्रसंग लिहिताना फ्लोबेरच्या तोंडात सोमलाची चव आली आणि त्याने जेवण ओकून टाकलं. हे त्यानेच एका पत्रात लिहून ठेवलंय. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिताना टोल्कीनच्या डोळ्यांतलं पाणी कागदावर सांडलं, तेही दुःखाच्या नव्हे, तर दमूनभागून जिंकलेल्या वीरांच्या स्वागताच्या प्रसंगात. १९७१ मध्ये गेलेल्या त्यांच्या पत्नीच्या आणि दोन वर्षांनी गेलेल्या त्यांच्या स्वतःच्या नावाखाली थडग्यावर त्यांच्याच कथेतल्या प्रेमिकांची नावं कोरली आहेत, ल्युथिएन आणि बेरेन. ऑक्सफर्डच्या वुल्व्हरकोट दफनभूमीत ती आजही वाचता येतात.

जॉर्ज मार्टिन यांना ‘अ स्टॉर्म ऑफ स्वॉर्ड्स’मधलं लग्नाच्या मांडवातलं हत्याकांड लिहवेना. त्यांनी ते प्रकरण बाजूला ठेवलं, बाकीचं अख्खं जाडजूड पुस्तक लिहून काढलं, आणि मग शेवटी त्याला हात घातला. ज्यांनी ते वाचून पुस्तक भिंतीवर फेकलं, त्यांनी हे लक्षात घ्यावं!

ज्योचं लग्न कुणाशी?

शांता शेळके यांनी ‘लिटल विमेन’ मराठीत ‘चौघीजणी’ म्हणून आणली आणि आपल्याकडच्या किती घरांत ज्यो सख्खी झाली. केस कापून विकणारी, पोटमाळ्यावर बसून लिहिणारी, तापट ज्यो. ‘चौघीजणी’ वाचलेल्या दोन बायका भेटल्या की एक वाद ठरलेला असतो, लॉरीला नाही म्हणून ज्योने चूक केली की नाही?

हा वाद दीडशे वर्षांहून जुना आहे. १८६८ मध्ये पहिला भाग आला आणि लुइझा मे अल्कॉटकडे मुलींच्या पत्रांचा पाऊस पडला. सगळ्यांना एकच हवं होतं, ज्यो आणि लॉरीचं लग्न. अल्कॉट वैतागली. बाईच्या आयुष्यात लग्न हीच एक गोष्ट असते का, हा तिचा सवाल. तिने रोजनिशीत लिहून ठेवलं की कुणाच्याही खुशीसाठी ज्योला लॉरीच्या गळ्यात बांधणार नाही. तिला तर ज्यो बिनलग्नाचीच ठेवायची होती. वाचकांचा रेटा एवढा की शेवटी तिने मधला मार्ग काढला. ज्योला एक मध्यमवयीन, गबाळा, पुस्तकवेडा जर्मन प्राध्यापक दिला. मी अल्कॉटच्या बाजूची आहे. लॉरी गोड आहे, पण ज्योच्या लिहिण्याची कदर प्राध्यापक भाएरच जास्त करतो.

डिकन्स मात्र बधला. ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’चा मूळ शेवट उदास होता, पिप आणि एस्टेला वेगळ्या वाटांनी जातात. १८६१ मध्ये छापायला देण्याआधी लेखकमित्र बुल्वर-लिटनने वाचला, गळ घातली, आणि डिकन्सने शेवट बदलला. जुना शेवट त्याच्या मृत्यूनंतर चरित्रातून बाहेर आला, तेव्हापासून वाचकांचे दोन तट पडलेत.

विदर्भाच्या कवीने शेवटच बदलला

शेवट बदलण्यात आपला एक माणूस डिकन्सच्या हजारेक वर्षं पुढे होता. भवभूती. आठव्या शतकातला नाटककार, विदर्भातल्या पद्मपूरचा. गोंदिया जिल्ह्यात आमगावजवळचं पद्मपूर ते हेच, असं मानतात. रामायणात सीता धरणीच्या पोटात जाते. भवभूतीच्या ‘उत्तररामचरित’मध्ये ती परत येते, रामाला भेटते, नाटक मीलनावर संपतं.

पण त्याहून अफलातून आहे तो पहिला अंक. लक्ष्मण राम-सीतेला चित्रं दाखवायला नेतो. कुणाची? त्यांचीच. वनवासाची सगळी हकिकत ओळीने चितारलेली. आपण कॉमिक्सची पानं उलटतो तसे ते तिघे एकेक चित्र बघत पुढे सरकतात. शूर्पणखेचं चित्र येतं आणि सीता दचकते, आता पुन्हा ताटातूट होणार या भीतीने कळवळते. राम तिला समजावतो, अगं, हे चित्र आहे. पुढे जनस्थानाचं चित्र येतं, म्हणजे आपल्या नाशिक-पंचवटीचा परिसर, सीताहरणानंतरचा रामाचा आकांत. आणि आता कोण रडतं? सीतेला समजावणारा राम! संकट केव्हाच टळलंय, सीता शेजारी उभी आहे, समोर फक्त रंग आहेत, तरी डोळे भरून येतात. ही चित्रं बघूनच सीतेला पुन्हा वनात जावंसं वाटतं, आणि तोच डोहाळा तिला वनात सोडून देण्याचं निमित्त ठरतो.

शेवटच्या अंकात तर गंगेकाठी नाटकात नाटक चालतं. रंगमंचावरची सीता गंगेत उडी घेते, प्रेक्षकांत बसलेला राम ओरडून उठतो. लक्ष्मण सांगतो, दादा, नाटक आहे हे. पण राम मूर्च्छा येऊन पडतो, आणि त्याला शुद्धीवर आणायला खरी सीता येते. वाचक-प्रेक्षकाच्या भावनांवर याहून सुंदर काही लिहिलं गेलं असेल असं मला वाटत नाही. भवभूतीला करुण हाच सगळ्या रसांचा मूळ रस वाटायचा, आणि हे नाटक वाचताना तो म्हणतो ते खरं वाटतं.

शेवट माहीत आहे, तरी

रणजित देसाईंची ‘स्वामी’ उघडणाऱ्या मराठी वाचकाला शेवट ठाऊक असतो. सोळाव्या वर्षी पेशवाईची वस्त्रं मिळालेले माधवराव सत्ताविसाव्या वर्षी, १८ नोव्हेंबर १७७२ रोजी, थेऊरला क्षयाने जाणार. रमाबाई सती जाणार. शाळेच्या इतिहासात हे होऊन गेलेलं असतं. तरी १९६२ पासून पिढ्यान् पिढ्या ‘स्वामी’ची शेवटची पानं डोळे पुसत वाचतायत. चिंतामणीच्या दर्शनाला थेऊरला गेलेले कितीतरी जण मुद्दाम वाट वाकडी करून नदीकाठच्या रमाबाईंच्या वृंदावनापाशी जातात. त्यांना तिथे नेते ती कादंबरी.

शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’चं तसंच. कर्णाच्या रथाचं चाक रुतणार, हे कुणाला माहीत नसतं? पण १९६७ मध्ये सावंतांनी कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण अशा सहा जणांच्या तोंडून ती कथा सांगितली आणि महाराष्ट्रात कर्णाचा एक वेगळा पक्षच तयार झाला. कोवळ्या वयात हे पुस्तक वाचलेला मुलगा पुढे निदान वर्षभर अर्जुनाचं नाव काढू देत नाही.

अमेरिकेत २०११ मध्ये सॅन दिएगोच्या दोन मानसशास्त्रज्ञांनी यावर प्रयोग केला. चेकॉव्ह, अगाथा ख्रिस्ती यांच्यासारख्या लेखकांच्या बारा कथा घेतल्या. काहींना शेवट आधी सांगून टाकला, काहींना नाही. शेवट माहीत असलेल्यांनाच कथा जास्त आवडल्या! नंतरच्या काही अभ्यासांत याच्या उलटही निघालं, त्यामुळे रहस्यकथेचा खुनी सांगत सुटायला परवानगी मिळाली असं समजू नये. पण ‘स्वामी’च्या बाबतीत निकाल केव्हाच लागलेला आहे.

आणि ‘श्यामची आई’? साने गुरुजींनी ती १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली. तिच्याबद्दल मराठी माणसाला आणखी काय सांगायचं. कुणी मोठ्याने वाचायला घेतली की वाचणाऱ्याचाच आवाज आधी जातो.

निळा कोट, पिवळं जाकीट

१७७४ मध्ये गटेची ‘तरुण वेर्थरची दुःखं’ आली. प्रेमभंगाने जीव देणारा नायक. युरोपातली तरुण पोरं त्याच्यासारखा निळा कोट आणि पिवळं जाकीट घालून फिरू लागली. १७७५ मध्ये लाइपझिग शहराने पुस्तकावर आणि त्या पोशाखावरही बंदी घातली. या वेडाची काळी बाजूही होती. आत्महत्येच्या बातम्यांमुळे होणाऱ्या आत्महत्यांना आजही अभ्यासक याच नायकाचं नाव देतात, म्हणून अशा बातम्या जपून छापाव्यात हा आग्रह योग्यच आहे. या पुस्तकाचा एक चाहता मात्र कुणाला सुचणार नाही असा, नेपोलियन. १८०८ मध्ये एर्फुर्टला गटेशी भेट झाली तेव्हा नेपोलियनने सांगितलं की आपण हे पुस्तक सात वेळा वाचलंय, आणि वर त्यातला एक दोषही दाखवला.

पॅरिसच्या नोत्रदाम चर्चला तर एका कादंबरीने तारलं. पडझड झालेल्या त्या वास्तूकडे कुणी बघत नव्हतं. १८३१ मध्ये व्हिक्टर ह्यूगोने तिथे कुबडा क्वासिमोदो आणि एस्मेराल्दा आणून बसवले, लोकांचा जीव त्या दगडांत गुंतला, आणि १८४० च्या दशकात मोठी डागडुजी सुरू झाली. २०१९ मध्ये चर्चला आग लागली तेव्हा फ्रान्सच्या लोकांनी पुन्हा तेच पुस्तक धडाधड विकत घेतलं.

घाबरण्याची हौस असलेल्यांनी इंग्लंडमधल्या व्हिटबीला जावं. ब्रॅम स्टोकरने ‘ड्रॅक्युला’मधले प्रसंग या बंदरगावात घडवले. तिथल्या सेंट मेरी चर्चमध्ये लोक ड्रॅक्युलाची कबर कुठेय विचारून एवढं भंडावतात की, इथे ती नाही, कृपया विचारू नका, अशी पाटीच लावावी लागली. आपल्याकडे नारायण धारपांची पुस्तकं रात्री वाचून दिवा चालू ठेवून झोपलेल्यांना ही पाटी अजिबात विचित्र वाटणार नाही.

होम्सना पत्र

डिसेंबर १८९३. ‘स्ट्रँड’ मासिकात आर्थर कॉनन डॉइलने शेरलॉक होम्सला स्वित्झर्लंडच्या रायशेनबाख धबधब्यात ढकलून दिलं. त्याला ऐतिहासिक कादंबऱ्या लिहायच्या होत्या, हा गुप्तहेर आडवा येत होता. खरं तर दोन वर्षं आधीच मारायचा बेत होता, पण डॉइलच्या आईने लेकाला दटावलं आणि वर एका नव्या गोष्टीची कल्पनाही सुचवली. होम्सला ती दोन वर्षं मिळाली ती या माउलीमुळे.

होम्स गेल्यावर वीस हजारांवर वर्गणीदारांनी मासिक बंद केलं असं सांगतात. एका बाईने डॉइलला पत्र लिहिलं त्याची सुरुवातच शिवीने होती, हे त्याने आपल्या आठवणींत नोंदवलंय. जवळजवळ दहा वर्षं लोक मागे लागले. आधी १९०१ मध्ये मृत्यूपूर्वीची गोष्ट म्हणून ‘बास्करव्हिल्स’चा भलाथोरला कुत्रा आला, आणि १९०३ मध्ये होम्स स्वतः जिवंत परतला. धबधब्यात पडलाच नव्हता म्हणे! भालबा केळकरांच्या अनुवादांतून होम्स वाचलेल्या मराठी मुलांना मरण आणि पुनरागमन एकाच सुट्टीत मिळालं. लंडनच्या वाचकांनी त्यासाठी अख्खं दशक काढलं होतं.

अगाथा ख्रिस्तीच्या पोआरोला परतीचं तिकीट मिळालं नाही, पण मान मोठा मिळाला. ६ ऑगस्ट १९७५ च्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर त्याच्या निधनाची बातमी छापून आली.

होम्स मात्र वाचकांच्या लेखी अजून आहे. गोष्टीत तो २२१ बी, बेकर स्ट्रीटला राहायचा. १९३० च्या दशकात त्या रस्त्यावर पुढे ॲबी नॅशनल म्हणून ओळखल्या गेलेल्या गृहकर्ज संस्थेची इमारत उभी राहिली आणि २२१ क्रमांक तिच्या हद्दीत आला. लगेच जगभरातून होम्सच्या नावाने पत्रं येऊ लागली. कुणाची वस्तू हरवलेली, कुणाला सल्ला हवा, कुणाला फक्त सही. संस्थेने ती पत्रं फेकून दिली नाहीत. उत्तरं लिहायला एक सचिव नेमला आणि कित्येक दशकं हे काम चालू ठेवलं. श्री. होम्स निवृत्त झाले असून सध्या ससेक्स परगण्यात मधमाश्या पाळतात, असं उत्तर जायचं. अगदी गोष्टीत सांगितलंय तसंच. आता हे टपाल त्याच रस्त्यावरच्या होम्स संग्रहालयात जातं.